घरच्या राउटरवर पत्त्यांचे वाटप आणि नॅट : मांडणी कशी करावी

फायबरची जोडणी देणारी कंपनी भिंतीवर जी पेटी बसवून जाते, ती बहुतेक वेळा राउटरचेही काम करीत असते, आणि तिच्यापुढे आपण विकत आणलेला राउटर जोडला की घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे ओळखक्रमांक, वाटणारे दोघे होतात. माझ्या घरी हेच झाले होते. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचावे म्हणून जुना राउटर केबलने जोडला, त्याच्यावरचे डीएचसीपी, म्हणजे पत्त्यांचे आपोआप वाटप, बंद करायचे राहून गेले आणि पुढचे दोन दिवस घरातले फोन कधी चालत, तर कधी वायफाय पूर्ण दिसत असूनही इंटरनेट नसे. शेवटी फोनमधल्या वायफायच्या तपशिलात गेटवे, म्हणजे फोन ज्याच्यामार्फत बाहेर जातो त्या राउटरचा पत्ता, पाहिला, तर तिथे १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.०.१ होता, ज्या राउटरला बाहेरची लाइनच नव्हती, त्यानेच फोनला पत्ता देऊन टाकला होता. म्हणून माझा आग्रह आहे की घरात पत्ते वाटणारी पेटी एकच असावी आणि पत्ताबदलाचे, म्हणजे घरातल्या पत्त्याजागी बाहेरचा पत्ता घालणाऱ्या नॅटचे, कामही तिच्याकडेच असावे.

ती पेटी कोणती, हे आधी ठरवावे. स्वतःचा राउटर मुख्य ठेवायचा असेल, तर कंपनीला सांगून भिंतीवरची पेटी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचे काम न करता लाइन नुसती पुढे देण्यावर, टाकून घ्यावी आणि जोडणी पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून सुरू होणाऱ्या, पद्धतीची असल्यास युजरनेम व पासवर्ड आपल्या राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, विभागात भरावेत. कंपनीचीच पेटी मुख्य राहणार असेल, तर आपल्या राउटरला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्यावा, त्याच्यावरचे डीएचसीपी बंद करावे आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन, म्हणजे घरातल्या जोडण्यांच्या, पोर्टात लावावी. ज्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे पत्ते न वाटता नुसते वायफाय देण्याची सोय, आहे, तिथे तो निवडला की यातले बरेचसे काम आपोआप होते.

मांडणी शक्यतो केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून करावी, कारण मध्येच वायफाय तुटले तर बदल अर्धवट राहतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून आत गेल्यावर पहिल्यांदा ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलावा आणि चालू सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवावी. या लेखातले आकडे देवनागरीत असले, तरी राउटरच्या पानावर ते इंग्रजी अंकांतच भरावेत.

घरात वापरायचे पत्ते मनाला येतील ते घेता येत नाहीत. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत, आणि १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार त्यांतले १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि सबनेट मास्क, म्हणजे घरच्या पत्त्यांची व्याप्ती ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.० ठेवला, की राउटर धरून २५४ पत्ते हाताशी येतात. ते सगळेच वाटपात टाकू नयेत. सुरुवात १९२.१६८.१.१०० आणि शेवट १९२.१६८.१.१९९ असा टप्पा दिला, तर शंभर उपकरणांची सोय होते आणि शंभराच्या आतले पत्ते प्रिंटर, कॅमेरा, दुसरा राउटर अशा जागा न बदलणाऱ्या वस्तूंसाठी मोकळे राहतात. लीज टाइम, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, चोवीस तासांचा पुरे आहे, पण आकडा भरण्यापूर्वी एकक पाहावे, कारण काही राउटर तो मिनिटांत मागतात, म्हणजे १४४०, आणि काही सेकंदांत, म्हणजे ८६४००.

प्रिंटर आज छापतो आणि आठवड्याने ऑफलाइन दिसतो, यामागे अनेकदा त्याचा बदललेला पत्ता असतो. त्यासाठी डीएचसीपीच्या पानावर ॲड्रेस रिझर्वेशन असते. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक, निवडून त्याच्यासमोर कायमचा पत्ता लिहावा. काही राउटर हा राखीव पत्ता वाटपाच्या टप्प्यातलाच मागतात. तसे असेल तर टप्प्याच्या शेवटचा द्यावा. फोनसाठी राखीव पत्ता ठेवायचा असेल, तर फोनमधला खाजगी किंवा रँडम मॅकचा पर्याय त्या वायफायपुरता बंद करावा, नाहीतर राउटर त्याला ओळखणार नाही.

नॅट बहुतेक राउटरवर सुरूच असते. लॅपटॉपने १९२.१६८.१.१०५ वरून एखादे पान मागितले, की राउटर त्या मागणीवर बाहेरचा पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक (केबलचे पोर्ट नव्हे, ती जोडणी ओळखण्याचा आकडा) घालतो, त्याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते लॅपटॉपकडे वळवतो. बाहेरून न मागता आलेल्या जोडणीची अशी नोंद नसते, म्हणून ती आत येत नाही. तिला आत घेण्यासाठीच पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठराविक पोर्ट क्रमांकावर आलेली जोडणी ठराविक उपकरणाकडे पाठवण्याची नोंद, करावे लागते, आणि ते ज्या उपकरणाकडे करायचे त्याचा पत्ता आधी राखीव केलेला असावा. कॅमेऱ्याचे लॉगिन पान मात्र असे थेट बाहेर उघडू नये. घरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याचा सुरक्षित मार्ग, मांडून त्यातून कॅमेरा पाहावा. डीएमझेड, म्हणजे एखादे उपकरण बाहेरच्यांना पूर्ण उघडे करणारी सोय, बंदच ठेवावे.

फॉरवर्डिंगवर वेळ घालवण्यापूर्वी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर कंपनी तिच्याकडेही पत्ताबदल करीत आहे आणि घरात कसेही फॉरवर्डिंग केले तरी त्यातून बाहेरून आत येता येणार नाही. अशा वेळी कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर भिंतीवरची पेटी अजून ब्रिज मोडवर गेलेली नाही. फॉरवर्डिंग जमले की नाही, हे घरच्या वायफायवरून तपासू नये, कारण आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येणे काही राउटरना जमत नाही. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे.