क्रूझ पेनांगला थांबल्यावर जॉर्ज टाउन पायी कसे पाहावे

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या अनेक क्रूझ मलेशियातील पेनांग बेटावर काही तास थांबतात. येथील स्वेटनहॅम धक्का थेट जॉर्ज टाउनच्या जुन्या वस्तीला लागून आहे. युनेस्कोने 2008 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिलेली ही वस्ती पाहण्यासाठी बसची किंवा ठरवलेल्या सहलीची गरज पडत नाही. पायांत चांगली चप्पल आणि हाताशी पाच-सहा तास असले की पुरे.

जहाजातून उतरण्यापूर्वी परतीची वेळ कागदावर लिहून घ्यावी. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परत चढण्याची शेवटची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला बांधून घेणारी वेळ दुसरी असते. पेनांगचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे असते. शिवाय जहाजावरची वेळ बंदरावरच्या वेळेशी जुळतेच असे नाही, म्हणून मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि मोबाइलने आपोआप बदललेल्या वेळेवर विसंबू नये. जहाजाचे कार्ड, पासपोर्टची छायाप्रत, थोडे रिंगिट (मलेशियाचे चलन), पाण्याची बाटली आणि छत्री एवढे सामान घ्यावे. मूळ पासपोर्ट बरोबर न्यायचा की नाही, हे जहाजावरच्या स्वागतकक्षात विचारावे.

धक्क्याबाहेर आल्यावर टॅक्सीवाले पेनांग टेकडी आणि केक लोक सी मंदिराची सहल सुचवतात. दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण ती शहराच्या पलीकडे एअर इतामच्या बाजूला आहेत, आणि रस्त्यावरची गर्दी व टेकडीवर चढणाऱ्या रेल्वेची रांग यांत अर्धा दिवस जाऊ शकतो. जहाज आठ तासांपेक्षा कमी थांबणार असेल, तर हा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून चालायला सुरुवात करावी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला 1897 मध्ये साठ वर्षे झाली, त्या निमित्ताने दर वर्षाला एक फूट या हिशेबाने तो साठ फूट उंच बांधला आहे. शेजारच्या कॉर्नवॉलिस किल्ल्याला बाहेरून पाहूनही चालते. तेथून 1818 च्या सेंट जॉर्ज चर्चकडे जावे आणि मग मशीद कपितान केलिंग नावाच्या रस्त्याला लागावे. या एकाच रस्त्याच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत चर्च, चिनी लोकांचे करुणादेवीचे मंदिर, तमिळ लोकांचे महामारीअम्मन मंदिर आणि भारतीय मुसलमानांनी उभारलेली कपितान केलिंग मशीद लागते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घातले असतील तर कोठेही अडचण येत नाही.

भर दुपारी रस्त्याच्या मधून न चालता दुकानांपुढच्या छताखालच्या पडवीतून चालावे. तिला येथे ‘काकी लिमा’ म्हणजे ‘पाच फूट’ म्हणतात. सावली उत्तम मिळते, मात्र प्रत्येक दुकानापुढची फरशी वेगळ्या उंचीची असते आणि मध्येच स्कूटर उभ्या असतात, त्यामुळे वृद्ध माणसांचा हात धरावा.

जेवणाची सोय शाकाहारी मंडळींसाठी लिटल इंडियात सहज होते. केळीच्या पानावरचा भात, सांबार आणि भाज्या तेथे मिळतात. इतर ठिकाणच्या शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत सुक्या कोळंबीची चटणी असू शकते, म्हणून आधी विचारावे. चेंडोल मात्र चाखावेच: बर्फाच्या चुऱ्यावर नारळाचे दूध, काळसर माडाचा गूळ, राजमा आणि पांदानच्या पानाने हिरव्या झालेल्या मऊ शेवया. गूळ तळाशी बसतो, तेव्हा पहिला चमचा घेण्यापूर्वी वाटी ढवळावी.

त्यानंतर अर्मेनियन रस्त्यावर यावे. 2012 मध्ये लिथुआनियाचे चित्रकार अर्नेस्ट झखारेविच यांनी येथे भिंतीवर दोन मुले रंगवली आणि त्यांच्याखाली खरी सायकल बसवली. फोटोसाठी रांग लांब असेल तर वेळ घालवू नये. जवळच्या खू कोंगसी या चिनी कुलगृहातील कोरीव छत पाहण्यात तोच वेळ अधिक सार्थकी लागतो. आधीची इमारत 1901 मध्ये जळाल्यावर 1906 मध्ये ती नव्याने पूर्ण झाली.

अर्मेनियन रस्ता समुद्राकडे जेथे संपतो, त्याच्या समोरच च्यू घराण्याची जेट्टी आहे. पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरांची ओळ आहे आणि मधून लाकडी फळ्यांची वाट जाते. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी किंवा ओहोटीच्या वेळी चिखल दिसतो, दारापाशी छोट्या देव्हाऱ्यात उदबत्त्या जळत असतात. येथे माणसे राहतात, म्हणून आवाज हळू ठेवावा आणि उघड्या दारातून आतले फोटो घेऊ नयेत.

जेट्टीपासून धक्का किनाऱ्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. परत चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी दीड तास उरला की येथून निघावे. दुपारनंतर येथे सरी अचानक कोसळतात, शिवाय धक्क्यावर सामानाच्या तपासणीची रांगही असते. पाय थकले असल्यास ग्रॅब या मोबाइल ॲपवरून गाडी बोलवावी आणि चालकाला जहाजाचे नाव न सांगता ‘स्वेटनहॅम पिअर’ असे सांगावे.