नाशिकमध्ये संमोहन उपचाराचा कोर्स निवडताय? पैसे भरण्याआधी या पायऱ्यांनी जा

‘दोन दिवसांत सर्टिफाइड हिप्नोथेरपिस्ट व्हा, सोमवारपासून प्रॅक्टिस सुरू करा!’ अशा जाहिराती मोबाईलवर आता रोजच्याच झाल्या आहेत. त्या बघून चौकशी करणारेही तऱ्हेतऱ्हेचे असतात. कोणी बँकेतून व्हीआरएस घेतलेलं, कोणाचा सिडकोत होमिओपॅथीचा दवाखाना, कोणी शाळेत समुपदेशक. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: कुठला कोर्स चांगला?

माझं उत्तर ठरलेलं आहे. संमोहन कसं करायचं हे सगळेच शिकवतात आणि ते फारसं अवघडही नाही. कोणाला संमोहन द्यायचं नाही आणि सुरू झालेलं सेशन कुठे थांबवायचं, हे जिथे नीट शिकवतात तो कोर्स चांगला. तो ओळखायचा कसा, ते पुढे सांगतो.

पायरी १: आधी स्वतःची पदवी समोर ठेवा

भारतात संमोहन उपचारासाठी वेगळी कौन्सिल नाही आणि वेगळा परवानाही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात एवढंच म्हटलं की अ‍ॅक्युपंक्चर आणि हिप्नोथेरपी या उपचाराच्या पद्धती आहेत आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी त्या वापराव्यात. ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती तास, कोणाकडून, हे तिथे ठरवलेलं नाही. त्यामुळे कोर्सचं सर्टिफिकेट कितीही सोनेरी असलं तरी त्यातून तुम्हाला नवा हक्क मिळत नाही. आधी जे करायचा हक्क होता, त्यात एक साधन वाढतं, इतकंच.

म्हणून तुम्ही आज कोण आहात यावर कोर्स ठरतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस असाल तर आजार आणि औषधं तुम्हाला कळतात, पण पेशंटचं तासभर ऐकून घ्यायची सवय बहुधा नसते. तेव्हा समुपदेशनाचा भाग भक्कम असलेला कोर्स बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल, म्हणजे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे तुमची नोंदणी असेल, तर थेट प्रात्यक्षिकांवर भर असलेला छोटा कोर्सही पुरेल.

यातलं काहीच नसेल तर? तर थोडं थांबा. आधी मानसशास्त्राची किंवा समुपदेशनाची पायाभरणी करा, संमोहन त्यानंतर. गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ असल्यामुळे ‘बाहेरून एम. ए. सायकॉलॉजी करून टाकू’ हे आपल्याकडे चटकन सुचतं. पण यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं सगळ्याच विद्यापीठांना कळवलं आहे. ‘आमच्याकडे अजून चालतं’ असं कोणी म्हणालं तर लेखी मागा.

पदवी नसताना कोर्स केलाच, तर ताण हलका करणं, परीक्षेची धास्ती, सभेत बोलायची भीती, स्वसंमोहन शिकवणं, इथपर्यंतच राहायचं. नैराश्य, भास-भ्रम, आत्महत्येचे विचार, व्यसन हा तुमचा प्रांत नाही. आणि नावाआधी ‘डॉ.’ लावायचा मोह आवरा. ‘डॉक्टर’ हे संबोधन मान्यताप्राप्त वैद्यकीय पद्धतींच्या व्यावसायिकांनीच वापरावं, हेही त्याच २००३ च्या आदेशात आहे. ते वाक्य जाहिरातीत छापलेलं मी अजून पाहिलं नाही.

पायरी २: ‘शासनमान्य’ म्हणजे नेमकं काय, ते विचारा

माहितीपत्रकाच्या तळाशी पाच-सहा बोधचिन्हं ओळीने असतात. एकेकावर बोट ठेवून ‘हे काय आहे?’ असं विचारायचं. उद्यम नोंदणी ही व्यवसायाची नोंदणी आहे, अभ्यासक्रमाची नाही. आयएसओ प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, ते शिकवणं चांगलं असल्याचा दाखला होत नाही. सोसायटी किंवा ट्रस्टची नोंदणी म्हणजे संस्था कागदावर अस्तित्वात आहे, एवढंच. ‘पदवी’ किंवा ‘डॉक्टरेट’ देतो म्हणत असतील तर विद्यापीठाचं नाव विचारा आणि यूजीसीच्या संकेतस्थळावर शोधा. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही तिथे लावते. आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहोत असा दावा असेल तर नाशिककरांना ते तपासणं फारच सोपं आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे.

मग येतात ‘आंतरराष्ट्रीय बोर्ड’. यातली बरीच खासगी मंडळं असतात आणि वर्गणी भरली की सदस्य होता येतं. अशा मंडळाची पारख एका प्रश्नात होते: आरोग्य क्षेत्रातली पदवी नसलेल्यालाही तुम्ही प्रमाणपत्र देता का? अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस ही १९५७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था. ती मुळात आरोग्य व्यावसायिकांनाच शिकवते. दोन दिवसांत कोणालाही ‘मास्टर’ करणारं मंडळ आणि ती संस्था यांची नावं ऐकायला सारखीच भारदस्त वाटतात, घोळ तिथेच होतो.

पायरी ३: मोफत सेमिनारला जरूर जा, पाकीट घरी ठेवून

हॉटेलचा बँक्वेट हॉल, दारात नावनोंदणीचं टेबल, सत्तर-ऐंशी खुर्च्या. थोड्या गप्पा झाल्या की सर सगळ्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायला सांगतात. ‘घट्ट आवळा, अजून घट्ट. आता हे हात फेविकॉल लावल्यासारखे चिकटलेत. सोडवायचा प्रयत्न करा, सुटणार नाहीत.’ बहुतेकांचे हात सुटतात. काहींचे खरंच सुटत नाहीत आणि सर नेमक्या त्यांनाच स्टेजवर बोलावतात. पाच मिनिटांत त्यातली एक जण खुर्चीत मान टाकून शांत झोपल्यासारखी दिसते आणि हॉल टाळ्यांनी भरतो.

यात लबाडी असतेच असं नाही, पण काय घडलं ते कळायला हवं. सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक बदलते. साधारण १०० माणसांत १० ते १५ जण फार चटकन प्रतिसाद देतात, जवळपास तितकेच जवळजवळ देतच नाहीत आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. ही क्षमता मोजायला वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मोजपट्टी तयार केली, ती आजही वापरतात. सरांनी हात गुंफायला लावले ती चाळणी होती. हॉलमधले सगळ्यात सोपे आठ-दहा जण त्यांनी दोन मिनिटांत वेचून घेतले. तुमच्या क्लिनिकमध्ये मात्र समोर एकच माणूस बसणार आणि तो चाळणीतून आलेला नसणार. म्हणून प्रश्नोत्तरांत उभं राहून विचारा: ‘ज्यांचे हात सहज सुटले, त्यांच्यासाठी तुम्ही काय करता?’ यावर सर रंगून बोलायला लागले तर कोर्सचा विचार करा. ‘त्यांचं मन अजून तयार नाही’ एवढंच उत्तर आलं तर चहा घेऊन घरी या.

शेवटचा भागही बघण्यासारखा असतो. दिवे मंद होतात, डोळे मिटायला सांगतात, पाच वर्षांनंतरचं तुमचं यशस्वी क्लिनिक डोळ्यांसमोर आणायला लावतात आणि दिवे लागले की हातात फॉर्म: आज भरलंत तर निम्मी फी. हीसुद्धा सूचनाच की! निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. ‘ऑफर आजच संपते’ म्हणणाऱ्यांचा मेसेज पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

पायरी ४: तास मोजा, आणि त्यातले कोणाच्या नजरेखालचे तेही मोजा

इथे वेळ द्या, कारण कोर्सचं खरं रूप इथेच कळतं. इंग्लंडमध्येही संमोहन उपचारावर कायदेशीर बंधन नाही, पण तिथल्या व्यावसायिक पदविकेसाठी एकूण ४५० तासांचा अभ्यास आणि त्यातले किमान १२० तास प्रत्यक्ष वर्गात, असा दंडक रूढ आहे. आपल्याकडचा शनिवार-रविवारचा कोर्स जेमतेम चौदा-पंधरा तास भरतो. तो ओळख म्हणून ठीक, व्यवसायाची तयारी म्हणून नाही. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघून उपचार सुरू करणं म्हणजे पोहण्याचे व्हिडिओ बघून, गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना गंगेत उडी मारणं.

प्रात्यक्षिक म्हणजे काय, हेही खोदून विचारा. बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच एकमेकांवर सराव करतात. समोरचा धडधाकट, उत्सुक आणि तुमचं काम जमावं अशी इच्छा असलेला. त्यातून हात बसतो, पण पेशंट कळत नाही. खरी अडचण कशी येते बघा. जवळजवळ प्रत्येक वहीत एक पाठ केलेली संहिता असते: ‘तुम्ही लिफ्टमध्ये आहात, दहाव्या मजल्यावरून लिफ्ट हळूहळू खाली जातेय…’ आणि खुर्चीतला माणूस आलेला असतो बंद जागेच्या भीतीसाठी. पाचवा मजला येईपर्यंत त्याचा श्वास वर लागतो, मुठी वळतात. विद्यार्थी मात्र वहीत बघून चौथा मजला वाचत असतो. शेजारी अनुभवी माणूस बसलेला असेल तर तो लगेच थांबवतो आणि सेशनआधी दहा मिनिटं पेशंटला विचारायला काय हवं होतं, ते दाखवतो. या नजरेखालच्या सेशनसाठी पैसे मोजायचे असतात.

तसंच, संमोहनात कोणी अचानक हुंदके देऊन रडायला लागलं, थरथरायला लागलं तर काय करायचं, हे प्रत्यक्ष करून दाखवतात का? आवाज संथ आणि ठाम ठेवायचा, स्पर्श टाळायचा, ‘आत्ता तुम्ही या खोलीत आहात, पाय जमिनीला टेकलेत, वर पंखा चालू आहे’ असं सांगत त्याला आजच्या जागेवर आणायचं, डोळे उघडवायचे, आणि ‘अजून खोल जाऊन बघू काय होतं’ हा मोह अजिबात धरायचा नाही. पूर्ण भानावर आल्याशिवाय गाडीची किल्ली हातात द्यायची नाही. संध्याकाळी चौकशीचा फोन करायचा.

कोणाला संमोहन द्यायचं नाही, याचं स्वतंत्र सत्र अभ्यासक्रमात असलंच पाहिजे. कानात आवाज येणारे, संशयाचा आजार असलेले, उन्मादाच्या अवस्थेतले पेशंट मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला. वारंवार डोकं दुखतंय पण कारण शोधलेलं नाही, अशा माणसाला सूचना देऊन दुखणं दाबलं तर आतला आजार वाढत राहतो आणि तो कळतही नाही. कोणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं न सोडता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यायचा. ही यादी ज्या कोर्समध्ये नाही, तिथे मी तरी प्रवेश घेणार नाही.

पायरी ५: कोर्स काय काय बरं करून दाखवणार आहे?

संमोहनाचा उपयोग नीट तपासला गेलाय अशा जागा आहेत. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये आतड्यांच्या इरिटेबल बाउल सिंड्रोमवर संमोहनाची चाचणी प्रसिद्ध केली. औषधांनी वर्षभरात फरक न पडलेल्या अशा पेशंटसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही ते एक पर्याय म्हणून आहे. वेदना आणि वैद्यकीय प्रक्रियेआधीची भीती इथेही आधार आहे. सिगारेट सोडवण्याबाबत मात्र ठोस पुरावा अजून तोकडा आहे. शिक्षक हा फरक स्वतःहून सांगतो की सगळ्याला एकच रामबाण सांगतो, त्यावरून माणूस कळतो.

मधुमेह, कॅन्सर, वंध्यत्व हमखास बरं करण्याची जाहिरात शिकवत असतील तर लांब राहा. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा जाहिरातींसाठीच आहे, आणि केस झाली तर ती जाहिरात देणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर होते.

पूर्वजन्माची सत्रं हा आणखी एक खपणारा माल. तीर्थक्षेत्राच्या गावात त्याला गिऱ्हाईकही आयतं मिळतं. पण संमोहनात आठवलेलं खरंच घडलेलं असतं असं मुळीच नाही. उलट न घडलेल्या गोष्टीवर पेशंटचा विश्वास घट्ट होऊ शकतो, आणि मग मागच्या जन्मीचा छळ करणारा या जन्मी सासूच्या किंवा नवऱ्याच्या रूपात सापडतो. घर मोडायला तेवढं पुरतं. कोर्सचा निम्मा वेळ यावरच जाणार असेल तर तो उपचाराचा कोर्स नाही.

पायरी ६: जुन्या विद्यार्थ्यांशी बोला

संस्थेने दिलेल्या दोन नंबरांवर थांबू नका. स्वतः शोधून वर्षापूर्वी कोर्स केलेला एखादा गाठा. विचारायचं एवढंच: महिन्याला किती पेशंट बघतोस, आणि अडलास तर सर फोन उचलतात का?

पायरी ७: फी

फी काही हजारांपासून लाखाच्या वरही जाते आणि आकड्यावरून दर्जा ठरत नाही. सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, ते आधी विचारा. जीएसटी लावत असतील तर पावतीवरचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ‘पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मास्टर, ट्रेनर’ अशी शिडी असेल तर शेवटच्या पायरीपर्यंतचा एकूण खर्च लेखी घ्या. कोण शिकवणार, किती तास, त्यातली नजरेखालची सेशन किती आणि मधेच सोडलं तर परतावा किती, हेही त्याच कागदावर हवं. शेवटचा हप्ता प्रात्यक्षिकं पूर्ण झाल्यावर देईन, असं सुरुवातीलाच सांगून बघा. चांगले शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं, पावती हे सगळं जपून ठेवा. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. तिथे मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना हेच कागद लागतात.