क्रेडिट कार्ड बंद करताय? आधी हे उरका, म्हणजे मागाहून बिल येणार नाही

कार्ड कात्रीने कापलं म्हणजे खातं बंद झालं असं होत नाही, आणि ॲपमधे आज बाकी शून्य दिसतेय म्हणजे हिशोब मिटला असंही नाही. लोकं इथेच फसतात. दोन-तीन महिन्यांनी चारशे-पाचशेचं बिल येतं, कार्ड बंद केलंय म्हणून कोणी मेल उघडत नाही, मग लेट फी लागते आणि सिबिलमधे, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसायला लागते. म्हणून बंद करायची रिक्वेस्ट सगळ्यात शेवटी टाकायची, त्याच्या आधी बाकीची कामं.

पहिलं काम ऑटो पेमेंटचं. मागच्या पूर्ण १२ महिन्यांची स्टेटमेंट काढा, दोन-तीन महिन्यांची बघून भागत नाही कारण वर्षातून एकदा कटणाऱ्या गोष्टी त्यात येतच नाहीत, अँटीव्हायरस, ओटीटीचा वार्षिक प्लॅन, विम्याचा हप्ता वगैरे. भारतातल्या कार्डावर असा ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, असेल तर पैसे कटायच्या निदान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, तेव्हा जुने एसएमएस चाळले तरी बरंच सापडतं. प्रत्येक ठिकाणी नवीन कार्ड किंवा यूपीआय टाका आणि मग बँकेच्या साइटवर जाऊन जुना मँडेटही रद्द करा, दोन्हीकडे करा. विम्याकडे जास्त लक्ष द्या, हप्ता बाउन्स झाला तर पॉलिसी लॅप्स होऊ शकते आणि ते नुकसान कार्डाच्या कुठल्याही फीपेक्षा मोठं असतं.

आता ते मागाहून येणारं बिल नक्की कुठून येतं ते बघू. समजा ५ तारखेला स्टेटमेंट आलं, आधीच्या महिन्यात पूर्ण बिल भरलेलं नव्हतं म्हणून १५,००० मुद्दल बाकी आहे, आणि तुम्ही २५ तारखेला स्टेटमेंटवरची सगळी रक्कम भरून टाकली. तुमच्या दृष्टीने विषय संपला, पण ५ ते २५ या २० दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमधे नव्हतंच, ते पुढच्यात येणार. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, त्या दराने २० दिवसांचे साधारण ३४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ६२, झाले ४०७. त्यामुळे मागची बाकी पुढे ओढलेली असेल तर पूर्ण पैसे भरल्यावर अजून एक स्टेटमेंट येऊ द्या, त्यात काही आलं तर तेही भरा, आणि मगच बंद करायला टाका.

ईएमआय चालू असेल तर कार्ड बंद करताना उरलेलं मुद्दल एकदम भरावं लागतं आणि बऱ्याच बँका वर फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी मिटवल्याची फी, लावतात, त्यावर जीएसटी वेगळा. तो आकडा कस्टमर केअरला आधीच विचारा, शक्यतो ईमेलवर. कार्डावर प्रोटेक्शन प्लॅन किंवा कसला विमा चिकटवलेला असेल तर तोही वेगळा रद्द करायला सांगा. रिवॉर्ड पॉइंट आधी वापरून टाका. आणि एखादा रिफंड यायचा असेल, तिकीट रद्द केलंय किंवा वस्तू परत पाठवलीय, तर तो येईपर्यंत थांबा.

रिक्वेस्ट ॲप, नेटबँकिंग, हेल्पलाइन, ईमेल कशानेही टाकता येते, पोस्टानेच पाठवा असं म्हणायचा बँकेला अधिकार नाही. पण मी म्हणेन ईमेलच करा, पुरावा राहतो. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि ॲड-ऑन कार्डांचा (त्याच खात्यावर घरच्यांसाठी काढलेल्या) उल्लेख करा, आणि रिक्वेस्ट नंबर मागून घ्या. नंतर फोन येईल, फी माफ करतो, वेगळं कार्ड देतो म्हणतील, तिथे नुसतं हो-हो केलं तर रिक्वेस्टच रद्द व्हायची भीती असते, तेव्हा स्पष्ट सांगा की मला बंदच करायचंय.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बाकी काही नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे, उशीर केला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. हे माहीतच नसतं म्हणून कोणी मागत नाही, तुम्ही मागा. कार्डात तुमचेच पैसे जमा असतील तर ते बँक खात्यात परत मिळतात.

बंद झाल्याचा मेसेज आला तरी नो ड्यूज लेटर, म्हणजे काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र, मागून ठेवा. बिल भरायला बचत खात्यावर ऑटो डेबिट लावलेलं असेल तर शेवटचं स्टेटमेंट शून्य आल्यावर ते काढा, त्याआधी नको. दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात खातं ‘क्लोज्ड’ दिसायला हवं, ‘सेटल्ड’ लिहिलं असेल तर लगेच बँकेला कळवा कारण त्याचा अर्थ पूर्ण पैसे भरले नाहीत असा लागतो. तरीही बिल आलंच तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर (तक्रारींच्या वेबसाइटवर) लोकपालाकडे तक्रार टाकता येते, त्याला पैसे लागत नाहीत, आणि वरचा तो ईमेल आणि नो ड्यूज लेटर तिथे जोडायचं.