जुन्नर बघायचं तर नाणेघाटापासून सुरुवात करा

जुन्नरच्या स्टँडवर उतरलेला पाहुणा माझ्या जीपपाशी आला की प्रश्न ठरलेला: "शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, एका दिवसात होईल ना?" होतं की. संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसवूनही देतो. पण माझं ऐकाल तर एक मुक्काम करा आणि उलट्या टोकानं सुरुवात करा. पहिल्या दिवशी नाणेघाट, दुसऱ्या दिवशी बाकीचं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणकडं जायचा. इथली लेणी ज्यांच्या पैशातून खोदली गेली, त्यातले कितीतरी जण याच वाटेनं ये-जा करणारे. वाट आधी बघितलीत की लेण्यांमध्ये नुसते दगड दिसत नाहीत.

सकाळी सातच्या आत जुन्नर सोडा. आपटाळे, चावंड, घाटघर असा तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. डिझेल-पेट्रोल जुन्नरातच भरा, पुढं मोबाईलची रेंजही भरवशाची नाही. पावसाळ्यात वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा बघायला शनिवार-रविवारी इतक्या गाड्या येतात की अरुंद रस्त्यावर तासन् तास अडकायला होतं, आणि धुकं असलं तर कोकण दिसतच नाही. मधल्या वारी या. मला विचाराल तर सप्टेंबरअखेर सगळ्यात बरी: पाऊस विरळ झालेला असतो, पठारावर पिवळी सोनकी फुललेली असते आणि मागं जीवधन किल्ला स्वच्छ दिसतो.

पठारावर आधी दगडी रांजण लागतो. जकातीचा रांजण म्हणतात त्याला. फोटो काढा, पण तिथूनच मागं फिरू नका. निम्मे लोक फिरतात. घाटाच्या अरुंद नळीतून थोडं खाली उतरलं की कातळात खोदलेली गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. राजानं कोणकोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती नि नाणी दान दिली, सगळं आकड्यांसकट. भारतातल्या फार जुन्या अंकलेखनात या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा, मधलं सगळं गेलं. तिथं घाई करू नका. बॅटरीचा उजेड समोरून न मारता भिंतीच्या कडेनं तिरका मारा, अक्षरं उठून दिसतात. लिपी वाचणारे एक सर गाडीत होते, त्यांनी दाखवलेली युक्ती आहे ही. अक्षरांवरून बोटं मात्र फिरवू नका.

परतताना पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळापाशी थांबा. कुकडी नदीचा उगम तिथलाच, आणि देवळाचं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं. चावंडचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. पायात दम असला तरच चढा, नाहीतर थेट तुळजा लेणीला या. तिथलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, गोल आहे, मधोमध स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी खांब. असं गोल चैत्यगृह फार क्वचित बघायला मिळतं. गर्दी जवळपास नसते.

रात्री मासवडी खा. नावावर जाऊ नका, मांस-मासळी काही नसतं. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं, फडक्यानंच वळकटी करून वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा नि बाजरीची भाकरी. हे पाच मिनिटांत होत नाही, म्हणून सकाळी निघतानाच खानावळीत सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत शिवनेरी. सात दरवाज्यांच्या वाटेनंच चढा. पश्चिमेची साखळीची वाट पोराबाळांना घेऊन करायची नाही, कुणी कितीही "सोपी आहे" म्हणालं तरी. जन्मस्थानापाशी सगळेच थांबतात, तुम्ही गंगा-जमुना टाक्यांपाशीही थांबा. इतक्या उंचावर पाणी साठवलं म्हणून गड नांदला. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला माणसं बघायला या, गड बघायला दुसऱ्या कुठल्याही दिवशी. याच डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या एका लेखात चिट नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. परदेशी पाहुण्यांना मी हे हमखास सांगतो.

मग लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, पुरातत्त्व खात्याचं तिकीट, आणि माकडं. प्रसादाची पिशवी हातात मिरवू नका. गिरिजात्मज ज्या दालनात आहे ते मुळात भिक्षूंचं विहार, मधे एकही खांब नाही. दर्शन झालं की लोक तडक खाली उतरतात. तुम्ही शेजारच्या सहा नंबरच्या लेण्यात जा. त्या चैत्यगृहाच्या दारावरचा लेख सांगतो की हे दान कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याचं. कल्याणचा माणूस! आदल्या दिवशी नाणेघाट बघितलेला पाहुणा हे ऐकून हटकून मागं वळून दाराकडं बघतो.

ओझरला अर्धा तास पुरे, चतुर्थी असेल तर जाऊच नका. हाताशी वेळ उरला तर आणे घाटातल्या गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल बघा. त्याच्यावरून महामार्ग जातो, त्यामुळं गाडीतून कळतच नाही, खाली उतरावं लागतं. फेब्रुवारीअखेर येणार असाल तर विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात. पाडव्याच्या सुमाराला आलात तर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, घासाघीस ऐकण्यासारखी असते.

गाडी ठरवताना वेटिंग धरूनच भाडं बोला, मागनं कटकट नको. अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं पायी फिरू नका, बिबट्याचा भाग आहे, लहान पोरांना तर हाताशीच ठेवा. मुंबईकडच्यांनी परतताना ओतूरवरून माळशेजनं उतरावं, पण दिवसाउजेडी. पावसाळ्यात दरड येते, तेव्हा निघण्याआधी ओतूरला चहा घेत घाट चालू आहे का, एवढं विचारून घ्या.