ओव्हरटाइमचा दावा: कागद शोधायच्या आधी तारखा लिहा

नोकरी सुटली, फुल अँड फायनलचा हिशेब आला आणि त्यात ओव्हरटाइमचा एक पैसाही नाही. एचआरला खरमरीत ईमेल लिहायची सुरसुरी येतेच, पण आधी कॅलेंडर घ्या. दावा करायची मुदत नोकरी सोडल्याच्या दिवसापासून धरतात, असं बरेच जण समजतात. सहसा तसं नसतं. ज्या पगारात ओव्हरटाइम बुडाला, त्या पगाराच्या तारखेपासून तेवढ्यापुरती मुदत चालू होते. म्हणून दावा दाखल करण्याच्या दिवसापासून मागे मोजा. मुदत 2 वर्षांची असेल आणि तुम्ही 10 मार्च 2026 ला दावा केलात, तर 10 मार्च 2024 च्या आधीचे पगार हातचे गेले. महिनाभर ‘बघू’ म्हणालात की आणखी एक पगार गेला.

तुम्हाला कुठला कायदा लागू आहे ते पक्कं करा, कारण आकडे फार वेगळे आहेत. भारतात 1936 च्या वेतन कायद्यात मुदत 12 महिने होती, 2019 च्या वेतन संहितेत 3 वर्षं आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 2 वर्षं, मालकाने जाणूनबुजून बुडवल्याचं सिद्ध झालं तर 3. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात मात्र 6. हुद्द्यात ‘मॅनेजर’ आहे म्हणजे ओव्हरटाइम मिळतच नाही, असं समजून लगेच हार मानू नका, प्रत्यक्ष काम काय करत होतात ते पाहिलं जातं.

एचआरशी चाललेल्या ईमेलांनी मुदत थांबते, या भ्रमात राहू नका. अमेरिकेत तर कामगार खात्याकडे नुसती तक्रार केल्यानेही ती थांबत नाही.

आता कागद. नेमणूकपत्र, पे-स्लिपा, बँक स्टेटमेंट, शिफ्टचं वेळापत्रक, ‘आज थांबावं लागेल’ असे साहेबांचे मेसेज. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र उचलू नका, उलटा दावा अंगावर यायचा. हजेरीची नोंदच नसेल तर आठवेल तसा आठवड्यावार तक्ता आजच लिहा आणि तो आठवणीतून लिहिल्याचं त्यावर स्पष्ट नमूद करा. मालकाने नोंदी ठेवल्या नसतील तर कामगाराचा वाजवी अंदाज चालतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्येच मान्य केलंय.

‘काही येणं बाकी नाही’ अशा कागदावर सही केली असेल, तर त्याची प्रत वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.