युद्धात बायकांच्या नोकऱ्या खरंच वाढल्या का, हे कसं बघायचं
युद्ध आलं की बायका कामाला लागल्या असं सरसकट लिहिलं जातं, पण तुम्ही आकडे बघताना युद्धाआधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा असे तिन्ही घ्या, नुसता मधला घेतलात तर फसलात. अमेरिकेत १९४० ला साधारण २७-२८ टक्के बायका कामात होत्या, १९४५ पर्यंत ३६ च्या आसपास गेल्या. भारी ना? पण सैनिक परत आले आणि कारखान्यांतून कित्येकींना घरी पाठवलं, वर सरकारी पैशावरची बहुतेक पाळणाघरंही १९४६ मध्ये बंद. म्हणून पाळणाघराचं आधी चेक करा, मूल कुठे ठेवायचं यावरच सगळं अडतं.

मग काम कसलं ते बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बॉम्बगोळे भरणाऱ्या पोरींची कातडी टीएनटी या स्फोटकामुळे पिवळी पडायची, लोक त्यांना कॅनरी (एक पिवळा पक्षी) म्हणायचे, आणि पगार बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा कमीच (याला प्रगती म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही).

आणि लढाई स्वतःच्याच गावात असेल तर हिशोबच वेगळा, तिथे नवरा गेला म्हणून बाई मिळेल ते काम धरते, बऱ्याचदा ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं, त्यामुळे फक्त पगारी नोकऱ्या मोजू नका.