लाकडी सांगाड्याची बेडफर्ड ओबी बस पुन्हा उभी करताना

जुनी बस हाती आली की बहुतेकांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. बेडफर्ड ओबीच्या बाबतीत मात्र खरे काम सुताराचे असते.

ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीने १९३९ मध्ये ओबीची चॅसी (इंजिन व चाके बसवलेला खालचा सांगाडा) बाजारात आणली आणि महायुद्धामुळे तिचे उत्पादन लवकरच थांबले. युद्धकाळात तिच्याच आधारे लाकडी पट्ट्यांच्या बाकांची ३२ आसनी ओडब्ल्यूबी तयार झाली. १९४५ नंतर ओबी पुन्हा बनू लागली आणि १९५१ पर्यंत अशा १२,७६६ गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी अनेकींवर लंडनच्या डुपल कंपनीची २९ आसनी ‘व्हिस्टा’ बॉडी चढली. या बॉडीचा सांगाडा ॲश या युरोपीय झाडाच्या लाकडाचा असून पत्रा केवळ वरून ठोकलेला असे. (१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली गाडीही बेडफर्डच होती.)

पत्रा काढण्याची घाई करू नये. आधी दारांच्या व खिडक्यांच्या चौकटींचे कर्ण मोजून लिहून ठेवावेत आणि खांबांना आतून तिरकस आधार द्यावेत, कारण कित्येकदा कुजलेल्या लाकडाला पत्र्यानेच सावरून धरलेले असते आणि तो निघताच बॉडी एका बाजूला कलते. मग टोकदार टोचणीने खांबांचे पाय, खिडक्यांखालची आडवी लाकडे आणि चाकांवरच्या कमानी तपासाव्यात, कारण पाणी तिथेच मुरते. खांब एका वेळी एकच बदलावा आणि जुना तुकडा नमुना म्हणून जपावा. तो कितीही कुजका असला, तरी जोडाची खाच त्याच्यावरूनच कळते. सागवानाचा मोह होतो खरा, पण ॲश धक्के सोसत लवचिकपणे वाकते, म्हणून मूळ लाकडालाच चिकटून राहणे मला योग्य वाटते. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी खिळ्यांनी ठोकू नये, कारण ओलाव्यात त्या जागी गंज चढतो.

जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन अनेक वर्षे बंद असेल, तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, ते दोन दिवस मुरू द्यावे आणि हँडलने हलकेच फिरवून पाहावे, स्टार्टर त्यानंतरच. ब्रेकचे रबरी पाइप व सील सरसकट नवे घालावेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक तंतू) असण्याची शक्यता असल्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.